मेसच्या खाड्यांवरून जँगो: नवख्या विद्यार्थ्यांना अनोळखी फ्रेमवर्क कसं शिकवावं

इंटर्नशिपला आलेल्या विद्यार्थ्याला पायथनचं लूप येतं, डिक्शनरी येते, डीबीएमएसचा (डेटाबेसचा) पेपर त्याने दिलेला असतो. डिप्लोमा करून आलेल्याने बहुधा पीएचपीत एखादं लॉगिनचं पानही बनवलेलं असतं. तरी जँगोसमोर, म्हणजे पायथनमधल्या वेबसाइट बांधायच्या फ्रेमवर्कसमोर, बसवला की दोन दिवसांत तो गप्प होतो. पीएचपीत यादी नावाची फाइल ब्राउझरमध्ये त्याच नावाने उघडली की ती वरून खाली चालते. जँगोत ब्राउझरला फाइलींची नावं माहीतच नसतात. विद्यार्थी फंक्शन लिहितो, पण ते बोलावणारी ओळ त्याच्या कोडमध्ये कुठेच दिसत नाही. मग तो व्हिडिओत पाहिलेलं तसंच्या तसं टाइप करतो, आणि चाललं नाही की कुठे बघायचं हे त्याला कळत नाही.

म्हणून सगळं प्रशिक्षण एका प्रश्नाभोवती बांधायचं: हे फंक्शन कोण बोलावतं, आणि कधी? पुढची आखणी दहा बैठकांची आहे, प्रत्येक बैठक तीन तासांची. एका मार्गदर्शकामागे सहापेक्षा जास्त विद्यार्थी घेऊ नयेत. कमांड आणि नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत, टर्मिनलवर ती अर्थातच रोमनमध्ये टाइप करायची.

पहिल्या बैठकीच्या आदल्या दिवशी

आवृत्ती आधी ठरवून टाका. जँगो ५.२ ही दीर्घकाळ सांभाळली जाणारी आवृत्ती आहे. ती एप्रिल २०२५ मध्ये आली आणि तिला एप्रिल २०२८ पर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणार आहेत. तिला पायथन ३.१० किंवा त्यापुढचं लागतं. सगळ्यांच्या मशीनवर पायथनची एकच आवृत्ती ठेवा आणि रिक्वायरमेंट्सच्या फाइलमध्ये जँगोचा पूर्ण आकडा लिहा. नुसतं ‘पिप इन्स्टॉल जँगो’ (पिप म्हणजे पायथनची पॅकेजं बसवणारं साधन) सांगितलंत तर ज्याने ज्या दिवशी टाकलं त्या दिवसाची आवृत्ती त्याच्याकडे येते, आणि सहा जणांच्या सहा तऱ्हा होतात.

विद्यार्थी घरी जाऊन यूट्यूब पाहणारच. ते थांबवू नका, जुना व्हिडिओ ओळखायला शिकवा. राउटिंगसाठी (कोणत्या पत्त्यावर कोणतं फंक्शन चालेल हे जोडायला) ‘यूआरएल’ हे फंक्शन इंपोर्ट केलेलं दिसलं तर तो व्हिडिओ जँगो ४ च्या आधीचा, कारण ४.० मध्ये ते काढून टाकलं. फॉरेन-कीला (दुसऱ्या टेबलातल्या नोंदीकडे नेणाऱ्या दुव्याला) ‘ऑन-डिलीट’ (ती नोंद काढली तर काय करायचं ते) दिलेलं नसेल तर २.० च्याही आधीचा. साध्या लिंकवर क्लिक करून लॉगआउट होत असेल, तर तोच कोड ५.० पासून ४०५ एरर देतो. लॉगआउट आता पोस्टनेच (फॉर्म पाठवण्याच्या पद्धतीने) होतं, म्हणजे लिंकऐवजी छोटा फॉर्म आणि बटण लागतं. या तीन खुणा फळ्याच्या कोपऱ्यात पहिल्या दिवशी लिहायच्या आणि शेवटपर्यंत पुसायच्या नाहीत.

कॉलेजच्या लॅबमध्ये शिकवायचं असेल तर इंटरनेटवर विसंबू नका. प्रॉक्सीमुळे पिप अडकतं आणि पहिला तास तिथेच जातो. आदल्या दिवशी ‘पिप डाउनलोड’ वापरून सगळी पॅकेजं एका फोल्डरमध्ये उतरवून पेन ड्राइव्हवर घ्या, आणि लॅबमध्ये ‘नो-इंडेक्स’ व ‘फाइंड-लिंक्स’ हे पर्याय देऊन त्या फोल्डरमधून बसवा. हे डाउनलोड विंडोज मशीनवरच करायला हवं. विंडोजवर जँगोला टीझेडडेटा नावाचं जादा पॅकेज लागतं. मॅक किंवा लिनक्सवर उतरवलं तर पिप ते वगळतं, आणि लॅबमध्ये इन्स्टॉलेशन नेमकं त्या पॅकेजवर येऊन थांबतं.

व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटचं (व्हेन्व्ह, म्हणजे एका प्रोजेक्टपुरत्या वेगळ्या पायथनचं) फोल्डर मात्र पेन ड्राइव्हवरून वाटू नका. त्यात मूळ मशीनवरचे पूर्ण पाथ लिहिलेले असतात. दुसऱ्या मशीनवर ते उघडतं, पण चालत नाही, आणि येणारी एरर दिशाभूल करते. प्रत्येकाने आपलं नवीन बनवायचं.

पॉवरशेलवर ॲक्टिव्हेट करताना ‘या मशीनवर स्क्रिप्ट चालवायला बंदी आहे’ अशा अर्थाची लाल ओळ जवळजवळ हमखास येते. ‘सेट-एक्झिक्युशनपॉलिसी -स्कोप करंटयूजर रिमोटसाइन्ड’ ही कमांड एकदा दिली की प्रश्न मिटतो. लॅबवाल्यांनी तेही बंद केलं असेल तर जुन्या कमांड प्रॉम्प्टमध्ये जाऊन ॲक्टिव्हेटची बॅट फाइल चालवा. आणखी दोन बारीक गोष्टी: विंडोजमध्ये फाइल एक्स्टेन्शन दिसतील असं सेटिंग करून घ्या, नाहीतर नोटपॅड टेम्प्लेटला (पानाच्या एचटीएमएल साच्याला) गुपचूप टीएक्सटीची शेपटी लावतं. आणि प्रोजेक्ट वनड्राइव्हशी जोडलेल्या डेस्कटॉपवर न ठेवता सी ड्राइव्हवर छोट्या नावाच्या फोल्डरमध्ये ठेवा.

पहिला दिवस: एकच रिक्वेस्ट

पहिल्या दिवशी डेटाबेस नाही, मॉडेल (डेटाबेसच्या टेबलाचं पायथनमधलं रूप) नाही, ॲडमिन (माहिती भरायची जँगोची तयार पानं) तर नाहीच. फक्त एक रिक्वेस्ट आत येते आणि एक रिस्पॉन्स बाहेर जातो.

‘स्टार्टप्रोजेक्ट कॉन्फिग’ नंतर एक टिंब द्यायला लावा. टिंब दिलं नाही तर एकाच नावाची फोल्डरात फोल्डर तयार होतात आणि ‘सर, कुठल्या कॉन्फिगमध्ये?’ हा प्रश्न दहाही दिवस ऐकावा लागतो. रनसर्व्हर केल्यावर अठरा मायग्रेशन (डेटाबेसच्या रचनेत करायचे बदल) बाकी असल्याची लाल सूचना दिसेल. ती आज सोडून द्यायची, असं आधीच सांगून ठेवा. न सांगितल्यास एखादा हुशार विद्यार्थी तिच्या मागे लागतोच.

मग एक व्ह्यू (रिक्वेस्ट घेऊन रिस्पॉन्स देणारं फंक्शन) लिहायचा, ज्यातून नुसता मजकूर परत जातो, आणि तो यूआरएलच्या यादीत जोडायचा. पान दिसलं की सगळे खूश होतात. इथेच थांबून व्ह्यूच्या पहिल्या ओळीवर ‘ब्रेकपॉइंट’ फंक्शन टाका आणि पान पुन्हा उघडायला सांगा. ब्राउझर फिरत राहतो आणि टर्मिनलमध्ये डीबगर उघडतो. तिथे डब्ल्यू हे अक्षर टाइप करून एंटर दाबलं की ओळींची लांब रांग येते. सगळ्यात खाली आपलं फंक्शन, त्याच्या वर जँगोचा हँडलर, त्याच्या वर एकामागून एक मिडलवेअर (प्रत्येक रिक्वेस्ट ज्यांतून जाते ते टप्पे), आणि अगदी वर सर्व्हरचा थ्रेड. कोण कोणाला बोलावतं याचा हा लेखी पुरावा आहे. फळ्यावर चौकोन आणि बाण काढून तासभर समजावण्यापेक्षा ही रांग पाच मिनिटांत जास्त काम करते. बाण काढाच, पण रांग पाहून झाल्यावर, आणि विद्यार्थ्यांकडून. सी दाबलं की रिक्वेस्ट पुढे जाते.

उरलेला वेळ मोडतोडीसाठी ठेवा. चालणारा कोड मुद्दाम बिघडवायचा. त्याआधी काय होईल ते वहीत लिहायचं, मग चालवून पाहायचं. यूआरएलच्या यादीत व्ह्यूच्या नावापुढे कंस टाका. पान उघडायच्या आधीच, कोड लोड होतानाच एरर येते, की रिक्वेस्ट नावाचा आर्ग्युमेंट मिळाला नाही. कारण कंस टाकला म्हणजे आपणच फंक्शन तिथल्या तिथे बोलावलं. यादीत फंक्शन फक्त सोपवायचं असतं, बोलावणं हे जँगोचं काम. हा कंसांचा धडा पुढे आणखी एकदा उपयोगी पडतो, म्हणून त्याच्यावर वेळ घालवा. मग व्ह्यूमधलं ‘रिटर्न’ काढा आणि ‘व्ह्यूने नन परत दिलं’ ही तक्रार वाचा. मग यूआरएलच्या शेवटची तिरपी रेघ न देता पान उघडा. पान दिसतं, पण टर्मिनलमध्ये एकाऐवजी दोन ओळी उमटतात, आधी ३०१ (दुसऱ्या पत्त्यावर जा) आणि मग २०० (ठीक). ब्राउझरमध्ये जे कळत नाही ते टर्मिनलमध्ये कळतं, ही सवय लावायची असेल तर ती आजच.

दुसऱ्या दिवशी टेम्प्लेट. इथली नेहमीची अडचण एकच. ॲपच्या फोल्डरमध्ये टेम्प्लेट्स, त्यात पुन्हा ॲपच्या नावाचं फोल्डर, आणि त्यात फाइल. ही दुहेरी रचना मुलांना वेडगळ वाटते. दोन ॲपमध्ये एकाच नावाची फाइल ठेवून दाखवा. सेटिंग्जच्या इन्स्टॉल्ड ॲप्समध्ये जे ॲप आधी आहे त्याची फाइल उचलली जाते, दुसरी कधी दिसतच नाही. आणि ॲप त्या यादीत घालायला विसरलं तर टेम्प्लेट सापडत नाही असं जँगो सांगतं. पिवळ्या पानावर त्याने कुठे कुठे शोधलं त्याची यादीही देतं. ती यादी वाचायला लावा.

एरर वाचणे हा वेगळा विषय आहे

नवखा विद्यार्थी एरर वाचत नाही, पाहतो. पिवळं पान आलं की टॅब बंद, किंवा सगळं कॉपी करून चॅटजीपीटीत. म्हणून तिसऱ्या बैठकीतला पहिला तास फक्त वाचनाचा. जँगोच्या पानावर वर एररचा प्रकार आणि एका ओळीचं कारण असतं. खाली ट्रेसबॅकमध्ये (कोणत्या ओळीतून कोणती ओळ चालली त्या यादीत) जँगोच्या आणि आपल्या फाइली मिसळलेल्या असतात, पण आपल्या ओळी जास्त ठळक दिसतात. खालून वर यायचं आणि आपल्या फोल्डरमधली पहिली ओळ भेटली की थांबायचं. तिथल्या लोकल व्हेरिएबल्स उघडून पाहायच्या. दहापैकी आठ वेळा चूक तिथेच हाताला लागते.

मदत मागायला येणाऱ्याने तीन गोष्टी तोंडी सांगायच्या: एररची शेवटची ओळ, आपल्या कोडमधली कोणती ओळ, आणि त्या क्षणी व्हेरिएबलमध्ये काय होतं. स्क्रीनचा मोबाइलवर काढलेला फोटो चालणार नाही. हा नियम पहिले दोन दिवस कडक वाटतो. तिसऱ्या दिवसापासून अर्धे विद्यार्थी तुमच्याकडे यायला निघतात आणि वाटेतूनच परत फिरतात.

एआयबद्दलही इथेच बोलून घ्या. पूर्ण बंदी टिकत नाही आणि तिची गरजही नाही. पहिल्या चार बैठकांत एररचा अर्थ विचारायला हरकत नाही, कोड लिहून घ्यायला आहे. त्यानंतर हवं ते वापरा, पण कमिट केलेल्या प्रत्येक फंक्शनबद्दल ‘हे कोण बोलावतं, कधी?’ याचं उत्तर देता आलं पाहिजे. आवृत्ती न सांगता विचारलं तर ही साधनं जुन्या आणि नव्या जँगोची खिचडी देतात. वर सांगितलेल्या तीन खुणा तिथेही लागू पडतात.

प्रोजेक्ट: मेसचं खातं

टू-डू यादी आणि ब्लॉग ही दोन्ही प्रोजेक्ट टाळा. ती इंटरनेटवर तयार मिळतात, आणि मुख्य म्हणजे त्यांत चुकायला जागाच नसते. बाहेरगावाहून शिकायला आलेल्या मुलामुलींना मेस माहीत असते. महिन्याचं ठरलेलं बिल, सकाळ-संध्याकाळचं जेवण, गावाला गेलं की खाडे, आणि महिनाअखेरीस हिशेबावरून होणारी बाचाबाची. खाडा आदल्या दिवशी सांगायचा, सलग अमुक दिवस असेल तरच धरायचा, रविवारची फीस्ट वगळायची असे नियम ते स्वतःच सांगतात. विषय समजावण्यात वेळ जात नाही, आणि नियम इतके अडचणीचे असतात की फ्रेमवर्कचा कस लागतो.

तीन मॉडेल पुरतात: सभासद, खाडा, भरणा. कोडच्या आधी कागद. प्रत्येक जोडीने रकाने आखायचे आणि दुसऱ्या जोडीने त्यात खोट काढायची. हे तीन निर्णय त्यांच्याकडूनच येऊ द्या, पण आल्याशिवाय पुढे जाऊ नका.

रक्कम डेसिमल फील्डमध्ये, फ्लोटमध्ये नाही. पायथनच्या शेलमध्ये ०.१ आणि ०.२ ची बेरीज करून दाखवली की पुरे.

सभासद काढून टाकला तर त्याच्या भरण्यांचं काय? ‘कॅस्केड’ दिलं तर तेही जातात आणि मागच्या महिन्याचा जमाखर्च बिघडतो. इथे ‘प्रोटेक्ट’ हवं, म्हणजे भरणे असेपर्यंत सभासद काढताच येत नाही. ट्युटोरियलमध्ये सगळीकडे कॅस्केड असतं म्हणून विद्यार्थी ते विचार न करता लिहितात.

एका सभासदाचा एका तारखेचा एका वेळचा खाडा एकदाच. हा नियम युनिक कन्स्ट्रेंट म्हणून डेटाबेसमध्येच घालायचा.

आता तारीख, जिथे सगळे अडकतात. नव्या प्रोजेक्टच्या सेटिंगमध्ये टाइम झोन यूटीसी असतो. तो आशिया-कोलकाता केला तरी ‘टाइमझोन डॉट नाऊ’ यूटीसीतलीच वेळ देतं. तिच्यातून थेट तारीख काढली तर रात्री बारा ते पहाटे साडेपाच या वेळेत नोंदवलेला खाडा आदल्या तारखेला पडतो. खाडे मुलं रात्रीच नोंदवतात, त्यामुळे ही चूक पहिल्याच आठवड्यात उघडी पडते. दिवसा केलेल्या चाचणीत मात्र ती कधीच सापडत नाही. उपाय ‘लोकलडेट’ हे फंक्शन. आणि ते मॉडेलच्या डिफॉल्टमध्ये देताना कंस टाकायचे नाहीत. कंस टाकले तर सर्व्हर सुरू झाला त्या दिवसाची तारीख गोठते आणि पुढचे सगळे खाडे तिच्यावर जमा होतात. शिवाय रोज सकाळी मेकमायग्रेशन्स केलं की नवीन मायग्रेशन तयार होतं, आणि ते का होतं हे कोणालाच कळत नाही. पहिल्या दिवशीचा व्ह्यूच्या कंसांचा प्रसंग इथे आठवायला सांगा. चूक तीच आहे, फक्त तेव्हा लगेच ओरडली होती, आणि इथे टर्मिनलमध्ये एक इशारा देऊन काम चालूच राहतं.

मायग्रेशन शिकवताना एसक्यूएलमायग्रेट ही कमांड वापरा. ती मायग्रेशनमागचं खरं एसक्यूएल दाखवते. डीबीएमएसच्या पेपरला पाठ केलेलं क्रिएट टेबल समोर आलं की मुलांचा चेहरा बदलतो. मेकमायग्रेशन्स फक्त फाइल लिहितं आणि मायग्रेट ती डेटाबेसवर लावतं, हा फरकही तिथेच पक्का होतो.

मायग्रेशनच्या फाइली गिटमध्ये जायलाच हव्यात. एसक्यूएलाइटची डेटाबेस फाइल, व्हेन्व्हचं फोल्डर आणि गुप्त की ठेवलेली एन्व्ह फाइल जाता कामा नये. दोघांनी आपापल्या ब्रँचवर तिसऱ्या क्रमांकाचं मायग्रेशन बनवलं की मर्ज केल्यावर जँगो दोन टोकं सापडल्याची तक्रार करतं. अशा वेळी मुलं फाइली उडवून मोकळी होतात. ती उडवली की डेटाबेसमधली नोंद आणि फोल्डरमधल्या फाइली यांचा मेळ तुटतो आणि पुढचा अर्धा दिवस त्यातच जातो. योग्य मार्ग म्हणजे मेकमायग्रेशन्सला ‘मर्ज’ पर्याय देणं. हा संघर्ष आपोआप होण्याची वाट पाहू नका. पाचव्या बैठकीत तो मुद्दाम घडवून सगळ्यांकडून सोडवून घ्या.

ॲडमिन तिसऱ्या-चौथ्या दिवशी दाखवा, त्याआधी नको. जँगो २००३ मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स गावच्या एका वर्तमानपत्राच्या कचेरीत जन्मलं आणि २००५ मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं. बातमीदारांना प्रोग्रामरच्या मदतीशिवाय मजकूर भरता यावा म्हणून ॲडमिन आहे. ते आतल्या माणसांसाठीच. मेसच्या मालकाला ते देता येईल, सभासदांना नाही. हे न सांगितल्यास अर्ध्या जोड्या ॲडमिनलाच रंगरंगोटी करून प्रोजेक्ट झालं म्हणून दाखवतात. मराठी नावं दिली असतील तर अनेकवचनाचं नावही स्वतः द्या, नाहीतर जँगो ‘सभासद’ला इंग्रजी एस जोडून टाकतं.

फॉर्म

सहाव्या आणि सातव्या बैठकीत फॉर्मशिवाय काहीही घेऊ नका. इथे एकाच व्ह्यूला दोन वेळा, दोन कारणांनी बोलावलं जातं: गेटने रिकामा फॉर्म दाखवायला आणि पोस्टने भरलेला घ्यायला. व्ह्यूच्या सुरुवातीला रिक्वेस्टची पद्धत प्रिंट करून टर्मिनल पाहत राहायला सांगा.

पहिला ४०३ (परवानगी नाही) सीएसआरएफ टोकन (फॉर्म आपल्याच साइटवरून आल्याची खूण) विसरल्यामुळे येतो. टोकन टाकायला शिकवाच, पण ते का लागतं हेही दाखवा. दुसऱ्या पोर्टवर साधं एचटीएमएल पान ठेवून त्यातल्या फॉर्मचं बटण मेसच्या सर्व्हरवर रोखा आणि जँगो ती रिक्वेस्ट कशी अडवतं ते पाहू द्या. हे पाहिलेला विद्यार्थी नेटवर सापडलेलं सीएसआरएफ बंद करण्याचं डेकोरेटर सहसा चिकटवत नाही.

यानंतरची तक्रार अशी: ‘सबमिट दाबलं, काहीच होत नाही.’ एरर नाही, नोंदही नाही. फॉर्म अवैध ठरलेला असतो, पण टेम्प्लेटमध्ये हाताने इनपुट लिहिलेले असल्यामुळे फॉर्मच्या एरर कुठे छापल्याच जात नाहीत. म्हणून सुरुवातीला फॉर्म जँगोकडूनच छापून घ्यायचा, सजावट नंतर. आणि यशस्वी पोस्टनंतर रीडायरेक्ट (ब्राउझरला दुसऱ्या पानावर पाठवणं). तो न करता पान रीफ्रेश केलं की खाडा दुसऱ्यांदा पाठवला जातो, आणि कन्स्ट्रेंट असल्यामुळे आता निदान तक्रार तरी येते.

एक खोल खड्डा इथे आहे, आणि तो बऱ्याच अनुभवी लोकांनाही ठाऊक नसतो. मॉडेलफॉर्म (मॉडेलवरून बनलेला फॉर्म) युनिक कन्स्ट्रेंट स्वतःच तपासतो आणि नीट संदेश देतो. पण त्या कन्स्ट्रेंटमधलं एखादं फील्ड फॉर्ममध्ये नसेल तर ती तपासणी गाळली जाते. खाड्याच्या फॉर्ममध्ये सभासद निवडायचा नसतो, लॉगिन केलेल्या व्यक्तीवरून तो व्ह्यूत भरला जातो. परिणामी दुबार खाडा फॉर्ममधून सुखरूप पार होतो आणि सेव्ह करताना इंटिग्रिटी एररने पान कोसळतं. उपाय असा: फॉर्म तयार करताना सभासद आत द्या, आणि क्लीन मेथडमध्ये (फॉर्मची तपासणी करणाऱ्या मेथडमध्ये) त्या तारखेचा त्या वेळचा खाडा आहे का ते स्वतः पाहा. कन्स्ट्रेंट तसाच राहू द्या. एकाच क्षणी दोन रिक्वेस्ट आल्या तर क्लीनची तपासणी पुरी पडत नाही, तिथे डेटाबेसच राखण करतो.

देवनागरीच्या गमती

मराठी मजकुराची चाचणी मराठीतच करा. मॅक्स-लेंग्थ (मजकुराच्या लांबीची मर्यादा) युनिकोडची अक्षरचिन्हं मोजते, डोळ्यांना दिसणारी अक्षरं नव्हे. ‘श्री’ आपल्याला एक अक्षर दिसतं, पण मोजणीत चार भरतं. नावाला वीसची मर्यादा घातली तर साधी मराठी पूर्ण नावंसुद्धा अडतात.

स्लगचा (यूआरएलमध्ये वापरायच्या नावाचा) प्रकार आणखी वाईट. जँगोचं स्लगिफाय देवनागरी मजकूर पुरता गाळून रिकामी स्ट्रिंग देतं. युनिकोडला परवानगी देणारा पर्याय लावला तर अक्षरं राहतात पण काना-मात्रा उडतात, कारण पायथनच्या रेगेक्समध्ये शब्दचिन्हांच्या गटात त्या बसत नाहीत. ‘मराठी’चं ‘मरठ’ होतं. आणि एवढं करूनही यूआरएलमधला स्लग कन्व्हर्टर फक्त इंग्रजी अक्षरं, आकडे, आडवी रेघ आणि अंडरस्कोर स्वीकारतो. विद्यार्थ्यांच्या प्रोजेक्टमध्ये सरळ आयडी वापरा.

साठ सभासद, तीस दिवस

पाच नोंदींवर प्रत्येक पान वेगाने उघडतं. आठव्या बैठकीच्या सुरुवातीला स्वतःची मॅनेजमेंट कमांड लिहून साठ सभासद आणि महिन्याभराचे खाडे भरून घ्या, आणि डीबग टूलबार (पानामागच्या क्वेऱ्या दाखवणारं साधन) बसवा. सभासदांच्या यादीत प्रत्येकाचे खाडे मोजले असतील तर टूलबार एकसष्ट क्वेऱ्या दाखवतो: एक यादीची, साठ मोजणीच्या. टेम्प्लेटमधली निरुपद्रवी दिसणारी ओळ डेटाबेसला साठ वेळा हाक मारत होती, हे कळायला त्या आकड्याइतकं प्रभावी दुसरं काही नाही. ॲनोटेट (प्रत्येक नोंदीला हिशेबाचा आकडा जोडणं) आणि काउंट वापरून ती एक क्वेरी करा.

ते जमलं की लगेच महिन्याचं बिल मागा: प्रत्येकाचे खाडे आणि भरलेली रक्कम एकाच यादीत. सगळे एकाच ॲनोटेटमध्ये काउंट आणि सम लिहितात, आणि उत्तर चुकतं. चार खाडे आणि १५०० रुपयांचे दोन भरणे असलेल्या सभासदाचे खाडे आठ दिसतात आणि जमा १२,००० रुपये, प्रत्यक्षात ती ३,००० आहे. दोन टेबलं एकदम जोडल्यामुळे चार गुणिले दोन अशा आठ ओळी तयार होतात आणि प्रत्येक भरणा चार वेळा मोजला जातो. काउंटला ‘डिस्टिंक्ट’ देऊन खाडे दुरुस्त होतात, पण रकमेच्या बेरजेला तो उपाय चालत नाही. दोन सारख्या रकमा मग एकच धरल्या जातात. तिथे सबक्वेरी लागते. एसक्यूएल छापून कागदावर आठ ओळी मांडायला लावा. जॉइन म्हणजे काय हे परीक्षेत ज्याने बरोबर लिहिलं होतं, त्यालाही ते बहुधा आत्ता समजतं.

मार्गदर्शकाने काय करू नये

विद्यार्थ्याच्या कीबोर्डला हात लावू नका. बोटाने ओळ दाखवा, नाव सांगा, पण टाइप त्यालाच करू द्या. जोडीत बसवलं असेल तर पंचवीस मिनिटांनी कीबोर्ड बदलायचा. नाहीतर जोडीतला चपळ तो सगळं लिहितो आणि दुसरा मान डोलावतो. ‘समजलं का?’ हा प्रश्न निरुपयोगी आहे, त्याला ‘हो सर’, ‘हो मॅडम’ हेच उत्तर ठरलेलं असतं. त्याऐवजी ‘ही ओळ काढली तर आधी काय मोडेल?’ असं विचारा आणि उत्तर वहीत लिहायला लावा. मराठी माध्यमातून आलेली मुलं-मुली इंग्रजी शब्दांना बिचकून गप्प राहतात. तुम्ही स्वतः ‘रिक्वेस्ट इथून आत येते, इथे अडते’ असं साध्या मराठीत बोललात की तीही बोलू लागतात.

या दोन आठवड्यांत क्लास-बेस्ड व्ह्यू (फंक्शनऐवजी क्लास म्हणून लिहिलेला व्ह्यू), रेस्ट फ्रेमवर्क, डॉकर, सेलरी यांतलं काही शिकवू नका. क्लास-बेस्ड व्ह्यूचा मोह होतो, कारण कोड आखूड होतो. पण कोण कोणाला बोलावतं हे त्यात पुन्हा दडून जातं. स्वतःचं यूजर मॉडेल मात्र सुरुवातीच्या प्रोजेक्टमध्ये तुम्हीच तयार करून ठेवा, कारण मधूनच ते बदलणं फार जिकिरीचं असतं.

दहाव्या बैठकीला नवीन काही बांधायला देऊ नका. प्रत्येकाला न पाहिलेलं छोटं जँगो प्रोजेक्ट द्या, ज्यात चार दोष पेरलेले आहेत: डिफॉल्टमध्ये कंस लावलेली तारीख, फॉर्मच्या एरर न छापणारं टेम्प्लेट, एकसष्ट क्वेऱ्यांची यादी आणि फुगलेली बेरीज. वेळ दोन तास, जोड्या नाहीत, कागदपत्रं आणि इंटरनेट खुलं. किती दोष दुरुस्त झाले याला निम्मे गुण. उरलेले निम्मे प्रत्येकाने आधी कुठे पाहिलं त्याला, म्हणजे टर्मिनल, ट्रेसबॅक, टूलबार की थेट कोड. त्यासाठी वहीत दर दहा मिनिटांनी एक ओळ लिहायला सांगा. ज्याने दोनच दोष सुधारले पण प्रत्येक वेळी योग्य जागी पाहिलं, त्याला सोमवारपासून खऱ्या प्रोजेक्टवर घ्यायला हरकत नाही. चारही सुधारून वहीत काहीच न लिहिणाऱ्याला समोर बसवा आणि त्यातला एक दोष पुन्हा घालायला सांगा.